धानाच्या मुलखात स्मृतीची औषधे

चाळिशीनंतर ओळखीच्या माणसाचे नाव चटकन न आठवणे, हातातले काम अर्धवट राहणे, झोप मोडणे, किरकोळ कारणाने चिडचिड होणे किंवा कशातच मन न लागणे या तक्रारी इतक्या सर्रास आढळतात की त्यांना आजार म्हणावे की वयाचा भाग समजावे, हे ठरवणे घरच्यांना आणि कधीकधी डॉक्टरांनाही अवघड जाते. या संदिग्धतेच्या जागी जीवनसत्त्वांच्या गोळ्या, ब्राह्मी-शंखपुष्पीची सिरपे, अश्वगंधेच्या कॅप्सूल आणि ‘ब्रेन टॉनिक’ म्हणून विकली जाणारी असंख्य मिश्रणे यांची मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे. फुलचूर हे गोंदिया शहराला लागून असलेले गाव. आजूबाजूला धानाच्या बांध्या आणि राईस मिल, तर शहरात औषधांची दुकाने, पॅथॉलॉजी लॅब आणि २०१६ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. अशा ठिकाणाहून या प्रश्नाकडे पाहणे विशेष उपयुक्त ठरते, कारण आहारातील एखाद्या सूक्ष्म पदार्थाच्या अभावाने मज्जासंस्था बिघडते, ही गोष्ट जगाला प्रथम तांदळाच्या कोंड्यामुळेच नीट कळली.

डच सरकारच्या ताब्यातील जावा बेटावर काम करणाऱ्या ख्रिस्तियान आइकमान या वैद्यकाने १८९० च्या दशकात असे पाहिले की पांढऱ्याशुभ्र पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिल्यावर त्या पुन्हा चालू लागतात. माणसांतील बेरीबेरी या आजाराशी त्याचे साम्य स्पष्ट होते. पुढे या कोंड्यातील घटकाला थायामिन किंवा बी-१ जीवनसत्त्व हे नाव मिळाले आणि आइकमान यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक देण्यात आले. मेंदू आपली ऊर्जा प्रामुख्याने ग्लुकोजपासून मिळवतो आणि ग्लुकोजच्या विघटनातील काही कळीच्या पायऱ्यांवर थायामिनशिवाय काम चालत नाही, त्यामुळे त्याचा तीव्र तुटवडा पडला तर मेंदूचे जे भाग नव्या आठवणी साठवतात त्यांनाच इजा होते. कॉर्साकॉफ विकार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अवस्थेत रुग्णाला लहानपणचे सारे आठवते, पण तासापूर्वीचे आठवत नाही, आणि मधली रिकामी जागा तो नकळत रचलेल्या हकिकतींनी भरून काढतो. दीर्घकाळ दारू पिणाऱ्या आणि जेवण टाळणाऱ्या माणसांत हा विकार आजही दिसतो, मग ती दारू देशी असो, विदेशी असो की मोहाची. आणि अशा माणसाच्या विसराळूपणावर ब्राह्मीचे सिरप देत बसणे म्हणजे तातडीने टोचून द्यावयाच्या थायामिनचा वेळ गमावणे होय.

गोंदियाच्या गिरण्यांत धानाची भरडाई दोन रीतींनी होते. अरवा तांदूळ कच्च्या धानापासून काढतात, तर उसन्या तांदळासाठी धान आधी भिजवून वाफवतात आणि मग सुकवून भरडतात. वाफवताना थायामिनचा काही अंश कोंड्याच्या थरातून दाण्याच्या आत सरकतो आणि पॉलिशमध्ये वाया जात नाही, म्हणून उसना तांदूळ या एका बाबतीत अरव्यापेक्षा सरस ठरतो. आज डाळी, भाज्या आणि गहू जेवणात आल्यामुळे बेरीबेरी दुर्मिळ झाली आहे, परंतु तिने शिकवलेला नियम स्मृती आणि मनःस्थितीच्या सर्व पूरकांना लागू पडतो: अभावामुळे गेलेली क्षमता तो पदार्थ दिल्यावर परत येऊ शकते, पण जिथे अभाव नाही तिथे त्याच पदार्थाची भर घातल्याने क्षमता वाढत नाही. भरलेल्या बांधीत आणखी पाणी सोडले तर ते धुऱ्यावरून वाहून जाते, तसेच पाण्यात विरघळणारे जादा थायामिन लघवीवाटे निघून जाते.

महाराष्ट्रातील मध्यमवयीन माणसाच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा अभाव मात्र थायामिनचा नव्हे, तर बी-१२ या जीवनसत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील ४४१ निरोगी मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले होते. त्यांत खेड्यांतले शेतकरी, शहरातील झोपडपट्टीतले रहिवासी आणि मध्यमवर्गीय असे तिन्ही गट होते. एकूण पुरुषांपैकी ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ चे प्रमाण कमी आढळले आणि शहरी मध्यमवर्गात तर हा आकडा ८१ टक्के होता. सुशिक्षित आणि पोटभर जेवणारा वर्ग या एका पदार्थाच्या बाबतीत गरिबांहूनही वंचित निघाला, आणि शाकाहार हे त्यामागचे एक ठळक कारण होते.

हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करत नाही. ते केवळ काही सूक्ष्म जीवाणू बनवतात आणि प्राण्यांच्या शरीरामार्फत दूध, अंडी, मासे आणि मांस यांतून माणसापर्यंत पोहोचते. १९४८ मध्ये ते लालभडक स्फटिकांच्या रूपात वेगळे करण्यात आले, आणि त्याच्या मध्यभागी कोबाल्टचा अणू असलेली गुंतागुंतीची रचना डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली, ज्यांना १९६४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरात त्याचे काम मुख्यतः दोन ठिकाणी चालते. होमोसिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाचे मेथिओनीनमध्ये रूपांतर करण्यासाठी ते लागते, आणि याच साखळीतून मज्जातंतूंवरचे मायलिन हे आवरण तसेच मनःस्थितीशी संबंधित रासायनिक संदेशवाहक तयार करण्यासाठी लागणारे मिथाइल गट पुरवले जातात. दुसरे काम काही मेदाम्लांच्या विघटनातले आहे. म्हणून बी-१२ कमी पडले की तळपायांची आग, मुंग्या, अंधारात तोल जाणे, जीभ गुळगुळीत व लाल होणे ही लक्षणे दिसतात, आणि त्यांच्याबरोबर किंवा त्यांच्याही आधी विसराळूपणा, चिडखोरपणा, उदासी येऊ शकते. रक्तक्षय अजून झालेला नसतानाही मेंदूची ही लक्षणे येऊ शकतात, ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही.

मध्यमवयातच हा प्रश्न का डोके वर काढतो, याचे उत्तर यकृतात आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात, मुख्यतः यकृतात, बी-१२ चा काही मिलिग्रॅमचा साठा असतो आणि दैनंदिन गरज केवळ सुमारे दोन मायक्रोग्रॅमची, म्हणजे मिलिग्रॅमच्या पाचशेव्या भागाएवढी असते. त्यामुळे आवक थांबली तरी साठा काही वर्षे पुरतो. श्रावण किंवा चातुर्मास पाळल्याने कमतरता निर्माण होत नाही ती याचमुळे. परंतु दूधही अगदी थोडे घेणाऱ्या माळकरी, महानुभाव किंवा इतर आजन्म शाकाहारी कुटुंबांत हा साठा मुळातच पुरेसा भरलेला नसतो. त्यात वयाबरोबर जठरातील आम्ल कमी होते आणि अन्नातील प्रथिनांना चिकटलेले बी-१२ मोकळे होण्याचे काम मंदावते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतले जाणारे मेटफॉर्मिन त्याच्या शोषणात अडथळा आणते, आणि आम्लपित्तासाठी रोज सकाळी घेतल्या जाणाऱ्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्याही तोच परिणाम करतात. पन्नाशीचा, मधुमेही, ‘गॅसची गोळी’ नित्य घेणारा शाकाहारी माणूस या सर्व कारणांचा एकाच वेळी धनी असतो. त्याच्या विस्मरणाची पहिली चौकशी रक्ततपासणीने व्हायला हवी.

पुण्याचे आकडे गोंदियाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, कारण पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीचे ताट वेगळे आहे. कोहळी समाजाने आणि जुन्या मालगुजारांनी बांधलेले माजी मालगुजारी तलाव, ज्यांना इथे मामा तलाव म्हणतात, हे धानाच्या सिंचनाइतकेच मासोळीचेही साधन आहेत, आणि ढिवर समाजाच्या जाळ्यातून निघणारे ताजे मासे किंवा सुकवलेली लहान मासोळी हा बी-१२ चा या भागातील सर्वांत स्वाभाविक स्रोत आहे. शंभर ग्रॅम माशातून बहुधा एका दिवसाची गरज भागते. एक पेला दुधातून तिचा अर्धा किंवा त्याहून थोडा कमी भाग मिळतो. उलट, स्पिरुलिना या शेवाळाच्या गोळ्या शाकाहारी बी-१२ म्हणून विकल्या जातात, परंतु त्यातील बहुतांश घटक हा बी-१२ शी केवळ दिसायला साम्य असलेला आणि माणसाच्या शरीरात निष्क्रिय असलेला पदार्थ असतो. इडली-डोशासारख्या आंबवलेल्या पदार्थांवरही या बाबतीत भिस्त ठेवता येत नाही.

रेशनच्या तांदळाचा विचार इथे टाळता येत नाही. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या केंद्रीय योजनेनुसार सार्वजनिक वितरणाच्या तांदळात पोषणयुक्त कृत्रिम दाणे साधारण शंभरास एक या प्रमाणात मिसळण्यास सुरुवात झाली, आणि त्यासाठी ठरलेल्या मानकाप्रमाणे एका किलो तांदळात लोह व फॉलिक आम्लाबरोबर ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम बी-१२ असावे लागते. दिवसाला चारशे ग्रॅम तांदूळ खाणाऱ्याला त्यातून ०.३ ते ०.५ मायक्रोग्रॅम मिळेल, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सुचवलेले दैनिक प्रमाण २.२ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे हा तांदूळ गरजेचा पाचवा हिस्सादेखील जेमतेम भागवतो. ज्याच्या शरीरात आधीच तूट पडली आहे त्याची ती भरून काढणे या तांदळाच्या आवाक्यातले नाही.

बी-१२ चा जोडीदार असलेल्या फॉलिक आम्लाचा इतिहास तर मुंबईतच घडला. ल्युसी विल्स ही इंग्रज संशोधक १९२८ मध्ये मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून गिरणी कामगार गर्भवतींना होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास करू लागली. गरीब आणि अपुरा आहार घेणाऱ्या बायकांत तो अधिक होता. यीस्टचा अर्क दिल्यावर हा रक्तक्षय बरा होतो, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले, आणि या अर्कातला अज्ञात घटक बरीच वर्षे तिच्याच नावाने ओळखला गेला. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा करण्यात आला आणि १९४५ मध्ये येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकेतील संशोधकांच्या गटाने तो प्रयोगशाळेत तयार केला. अंबाडी, तरोटा, पालक अशा पालेभाज्या, हरभरा आणि इतर डाळी हे त्याचे घरगुती साठे आहेत, मात्र फार वेळ शिजवल्याने आणि शिजवलेले पाणी फेकून दिल्याने त्याचा मोठा भाग नाहीसा होतो.

गोंदियात या जोडीदारीला एक विशेष अर्थ आहे, कारण गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पूर्व विदर्भाच्या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार लक्षणीय प्रमाणात आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, नव्या पेशी सतत बनवाव्या लागतात, आणि त्यासाठी फॉलिक आम्ल अधिक खर्च होते, म्हणून त्याची रोजची गोळी हा उपचाराचा प्रस्थापित भाग आहे आणि ती कोणीही स्वतःहून बंद करू नये. परंतु ज्या माणसात बी-१२ देखील कमी आहे, त्याला नुसते फॉलिक आम्ल मोठ्या मात्रेत दिले तर रक्तक्षय सुधारतो आणि मज्जातंतूंची हानी मात्र आतून चालूच राहते, कारण फॉलिक आम्ल पेशीविभाजनातली अडचण परस्पर सोडवू शकते, मायलिनची सोडवू शकत नाही. रक्ताचा अहवाल सुधारलेला दिसल्यामुळे संशयच दूर होतो. या पट्ट्यात फॉलिक आम्ल घेणाऱ्या प्रत्येक मध्यमवयीन शाकाहारी माणसाची बी-१२ ची पातळी पाहिली जावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

ज्यांच्यात कमतरता नाही त्यांना जीवनसत्त्वांनी काय मिळते, या प्रश्नाचा शोध मोठ्या चाचण्यांतून घेतला गेला आहे. शास्त्रीय चाचणीत सहभागींचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडतात. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी देतात, आणि कोणाला काय मिळाले हे ना घेणाऱ्याला ठाऊक असते ना मोजणाऱ्याला. अमेरिकेतील ५,९४७ वयस्क पुरुष डॉक्टरांवर सुमारे बारा वर्षे चाललेल्या अशा चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले, रोजच्या मल्टिव्हिटॅमिनने स्मृतीत काहीही फरक पडला नाही. उलट ‘कॉसमॉस’ या नंतरच्या चाचणीत २०२२ पासून आलेल्या निष्कर्षांत थोडा लाभ दिसला. दोन्ही चाचण्या साठीच्या पुढील लोकांवरच्या आहेत, त्यामुळे पंचेचाळिशीच्या माणसाला त्यांतून फारसे मार्गदर्शन मिळत नाही. ऑक्सफर्डच्या २०१० मधील चाचणीचा निष्कर्ष अधिक बोलका आहे: सौम्य विस्मरण असलेल्या सत्तरीपुढच्या लोकांना दोन वर्षे बी-गटातील जीवनसत्त्वे दिल्यावर मेंदू आक्रसण्याचा वेग सुमारे ३० टक्क्यांनी मंदावला, पण हा लाभ मुख्यतः ज्यांचे होमोसिस्टीन सुरुवातीलाच वाढलेले होते त्यांच्यात एकवटलेला होता. तांदळाच्या कोंड्याने शिकवलेला नियम इथेही टिकतो.

मनःस्थितीच्या बाबतीत ‘डी’ जीवनसत्त्वाचे नाव अलीकडे सर्वाधिक घेतले जाते. पन्नाशी ओलांडलेल्या १८,३५३ लोकांना सुमारे पाच वर्षे रोज २,००० युनिट ‘डी’ किंवा निष्क्रिय गोळी देणाऱ्या अमेरिकी चाचणीत, जिचा अहवाल २०२० मध्ये आला, नैराश्य येण्याचे प्रमाण कमी झाले नाही. हाडांसाठी आणि स्नायूंसाठी कमतरता भरून काढणे निश्चितच योग्य आहे, परंतु आपल्याकडे दुकानात मिळणारी ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल ही सामान्यतः आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यावयाची असते. ती ‘ताकदीची गोळी’ समजून रोज घेतली तर ‘डी’ मेदात साठून राहते, रक्तातील कॅल्शियम वाढते, आणि त्यातून मळमळ, बद्धकोष्ठ, मूत्रपिंडाची इजा आणि गोंधळलेली मनःस्थिती उद्भवते. बी-६ चीही अशीच गोष्ट आहे. नसांच्या अशक्ततेसाठी मिळणाऱ्या अनेक मिश्रणांत ते असते, आणि मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास ते स्वतःच हातापायांना बधिरपणा आणते. मग त्या बधिरपणावर पुन्हा तीच गोळी वाढवली जाते. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे कितीही घेतली तरी अपाय नाही, ही समजूत या एका उदाहरणानेच मोडायला हवी.

वनौषधींचा विचार अभावाच्या या कसोटीवर करता येत नाही, कारण ब्राह्मीचा ‘अभाव’ असा काही आजार नसतो. त्या औषधे आहेत, आणि औषधाचेच प्रश्न त्यांना विचारावे लागतात: वनस्पती नेमकी कोणती, तिचा कोणता भाग, किती मात्रा, किती दिवस, आणि बरोबर दुसरे काय घेतले जात आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात बुद्धी व स्मृतीसाठी मेध्य रसायने म्हणून चार द्रव्ये सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटलेला गोळा, त्यांत शंखपुष्पीला विशेष मान आहे. या चौघींत ब्राह्मी नाही. सुश्रुतसंहितेत ब्राह्मी आणि मंडूकपर्णी यांचे प्रयोग स्वतंत्रपणे येतात. व्यवहारात मात्र मोठा घोटाळा आहे. बाजारात ब्राह्मी म्हणून कधी पाणथळ जागी पसरणारी, जाडसर बारीक पानांची आणि फिकट निळसर-पांढऱ्या फुलांची नीरब्राह्मी मिळते, तर कधी गोलसर, कंगोरेदार पानांची मंडूकपर्णी. शंखपुष्पी म्हणून निरनिराळ्या प्रदेशांत तीन-चार वेगवेगळ्या वनस्पती वापरल्या जातात. आधुनिक चाचण्या झाल्या त्या मुख्यत्वे नीरब्राह्मीवर, त्यामुळे त्यांचा हवाला मंडूकपर्णीच्या बाटलीला देता येत नाही.

नीरब्राह्मीच्या बाजूने सर्वांत जवळचा पुरावा ऑस्ट्रेलियातील २००२ च्या चाचणीचा आहे, आणि तो नेमका मध्यमवयाचा आहे. ४० ते ६५ वयाच्या ७६ निरोगी व्यक्तींना तीन महिने अर्क किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. अर्क घेणाऱ्यांत नव्याने शिकलेली माहिती विसरण्याचा वेग कमी झाला, परंतु लक्ष, तात्पुरती स्मृती आणि जुन्या गोष्टी आठवणे यांत फरक दिसला नाही. हा निष्कर्ष लहान आहे, पण खरा आहे, आणि त्याचा आदर राखणे म्हणजे त्याला त्याच्या मापाएवढेच मानणे. इतर चाचण्यांतही परिणाम दिसला तो साधारण बारा आठवड्यांनी आणि प्रमाणित केलेल्या सुमारे ३०० मिलिग्रॅम अर्काने. पोटात कळ, मळमळ आणि वारंवार शौचाला होणे हे त्याचे नित्याचे उपद्रव आहेत. तलावाच्या काठची किंवा बांधीतली ब्राह्मी खुडून खाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: ही वनस्पती पाण्यातील शिसे, कॅडमियमसारखे जड धातू इतक्या सहजपणे शोषून घेते की प्रदूषित पाणी स्वच्छ करण्यासाठी तिचा अभ्यास झाला आहे. शहरालगतच्या सांडपाण्याच्या नाल्यात वाढलेली ब्राह्मी म्हणूनच वर्ज्य समजावी.

अश्वगंधेचा दावा स्मृतीपेक्षा ताणाबाबत अधिक आहे. हैदराबादेत ६४ लोकांवर केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुळाचा ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा साठ दिवस दिल्यावर ताणाचे गुणांकन आणि रक्तातील कॉर्टिसोल हे ताणाशी निगडित संप्रेरक, दोन्ही कमी झाले. परंतु चाचण्या लहान आणि अल्पमुदतीच्या आहेत, आणि २०२० पासून आइसलँड, अमेरिका व भारतातूनही अश्वगंधा घेणाऱ्यांना कावीळ झाल्याच्या, यकृताला इजा पोहोचल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. आपल्या परंपरेत मूळ वापरले जाते, तर स्वस्तात मिळणाऱ्या पानांची भेसळ अर्कात होते, म्हणून आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पाने टाळण्यास सांगितले. थायरॉईडची गोळी, झोपेची गोळी किंवा मधुमेहाचे औषध चालू असणाऱ्यांनी, तसेच यकृताचा आजार असलेल्यांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. मध्य भारताच्या पानझडी जंगलात वाढणाऱ्या मालकांगोणीच्या तेलाबाबत आणि जटामांसीबाबत माणसांवरचा पुरावा फारच तुटपुंजा आहे, आणि हिमालयातील जटामांसी तर अतिव्यापारामुळे अतिसंकटग्रस्त झाली आहे. वेखंडातील बीटा-अ‍ॅसारोन हा घटक प्राण्यांत कर्करोगकारक ठरल्याने अमेरिकेने १९६८ मध्ये अन्नात त्याचा वापर बंद केला. भारतीय वेखंडाच्या तेलात त्याचे प्रमाण युरोपीय वाणापेक्षा बरेच जास्त असते. परदेशातून आलेल्या गिंकोची परीक्षा सर्वांत कठोर झाली: ३,०६९ वृद्धांवर सुमारे सहा वर्षे चाललेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्मृतिभ्रंश रोखण्यात ते अपयशी ठरले.

वेष्टनावरच्या शब्दांनाही कायद्याची चौकट आहे. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ‘अनुसूची जे’मध्ये, औषधाने साधते असा दावा करण्यास मनाई असलेल्या गोष्टींत, मेंदूची क्षमता आणि स्मरणशक्ती वाढवणे याचा स्पष्ट उल्लेख आहे. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर ती औषधी उपयोगासाठी नाही, असे छापावे लागते. ग्राहकाने पुढची बाजू सोडून मागची वाचावी: वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, अर्काचे मिलिग्रॅममधील प्रमाण, उत्पादन परवान्याचा क्रमांक. २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे २१ टक्क्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. शिसे हे मेंदूचे विष आहे; म्हणून शिक्का नसलेल्या, वजनावर मिळणाऱ्या स्मृतिचूर्णापासून दूर राहणे ही अतिसावधगिरी नव्हे.

या सर्वांच्या आधी काही साधी कारणे तपासून घेणे आवश्यक असते. थायरॉईड ग्रंथी मंदावली की विचार संथ होतात, अंग जड वाटते, मन उदास होते, आणि मध्यमवयीन स्त्रियांत हा विकार विशेष आढळतो. टीएसएच ही रक्ततपासणी त्यासाठी पुरते. रजोनिवृत्तीच्या आसपासच्या काळात अंगातून वाफा निघणे आणि त्यामुळे झोप मोडणे यांतून शब्द न सुचण्याची तक्रार येते, जी बहुधा पुढे ओसरते. मोठ्याने घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाला झोपेत श्वास अडकण्याचा विकार असू शकतो. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज टिकणारी उदासी, अन्नावरची वासना जाणे, जगण्यात अर्थ न वाटणे हे नैराश्य आहे, ज्यात विस्मरण हे एक लक्षण म्हणून येते आणि उपचाराने बरे होते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अशा वेळी फुलचूरहूनही विनामूल्य लावता येतो, मराठीतही बोलता येते. नैराश्याची औषधे चालू असताना त्यांच्या जोडीला कोणतेही वनौषधी मिश्रण सुरू करण्यापूर्वी ते डॉक्टरांना दाखवणे अगत्याचे आहे, कारण काही मिश्रणे त्या औषधांचा परिणाम धोकादायकरीत्या वाढवतात.

तपासणीत बी-१२ कमी निघाले तर उपचार स्वस्त आणि सोपा असतो. शोषण बिघडलेले असले तरी तोंडाने घेतलेल्या मोठ्या मात्रेचा सुमारे एक टक्का आतड्यातून आपोआप झिरपतो, म्हणून रोजच्या हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीने बहुतेकांचे काम भागते; मज्जासंस्थेची लक्षणे ठळक असतील तेव्हा डॉक्टर इंजेक्शनने सुरुवात करतात. त्यानंतर आठवड्याभरात नव्या तांबड्या पेशी वाढू लागतात, दोन महिन्यांत रक्तक्षय भरून येतो, तळपायांच्या मुंग्या कमी व्हायला मात्र कित्येक महिने लागतात, आणि पहिल्या काही दिवसांत त्या वाढल्यासारख्याही वाटू शकतात. स्मृती आणि मनःस्थिती किती परत येईल, हे कमतरता किती काळ दुर्लक्षित राहिली यावर अवलंबून असते. काही महिन्यांची तूट बहुधा पूर्ण भरून निघते, पण जी वर्षे टॉनिकांच्या बाटल्या बदलण्यात गेली त्या काळात मायलिन गमावलेल्या तंतूंचा काही भाग कायमचा निकामी झालेला असतो.